पृष्ठभार आणि उष्णता : झीटा आणि टीजीएचे आलेख एकत्र वाचताना पडणारे प्रश्न

एकाच पावडरचे दोन अहवाल हातात येतात. एकात झीटा पोटेन्शियल, म्हणजे द्रवातल्या कणाच्या भाराची खूण. दुसऱ्यात टीजीए (तापवताना वजन कसं बदलतं) किंवा डीएससी (तापवताना उष्णता किती घेतली-सोडली) यांचा आलेख. प्रबंधात ते दोन वेगळ्या प्रकरणांत जातात आणि पुन्हा त्यांची गाठ पडत नाही. ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी, वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांतली क्यूसीची (गुणवत्ता-तपासणीची) मंडळी आणि डिचोली-सांग्याच्या तांबड्या मातीवर काम करणारे संशोधक यांच्याकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगतो: हे दोन्ही आलेख कणाच्या सर्वांत बाहेरच्या थराबद्दल बोलतात, त्यामुळे ते शेजारी ठेवूनच वाचायला हवेत. आणि ते शेजारी ठेवायचे तर दोन्ही मोजमापं एकाच बॅचच्या नमुन्यावर झालेली असली पाहिजेत.

पृष्ठभार म्हणजे नेमकं काय? झीटा म्हणजे तोच का?

तोच नव्हे, पण त्याचाच माग. ऑक्साइडचा कण पाण्यात टाकला की त्याच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट कामाला लागतात. पाणी आम्लधर्मी असेल तर ते प्रोटॉन घेतात आणि पृष्ठभाग धन होतो. अल्कधर्मी असेल तर प्रोटॉन सोडतात आणि तो ऋण होतो. मधे एक पीएच असा येतो की विद्युतक्षेत्र लावलं तरी कण जागचा हलत नाही. त्याला आयसोइलेक्ट्रिक पॉइंट किंवा आयईपी म्हणतात. सिलिकाचा आयईपी २ ते ३ च्या दरम्यान असतो, टायटानियाचा ६ च्या आसपास, आणि अल्युमिना, हेमेटाइट, गोएथाइट यांचा साधारण ८ ते ९.

पृष्ठभार मोजायचा तर तो कूलॉम प्रति चौरस मीटरमध्ये. झीटा मिलिव्होल्टमध्ये येतो, कारण तो पृष्ठभागावरचा विभव नसून कणाबरोबर चिकटून फिरणाऱ्या पाण्याच्या थराच्या कडेवरचा विभव असतो. शिवाय यंत्र झीटा थेट मोजत नाही. ते कणाचा वेग मोजतं आणि पाण्याची श्यानता व परावैद्युतांक घालून झीटा काढतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

मग उष्णतेशी त्याचा संबंध कुठे येतो?

जे हायड्रॉक्सिल गट पाण्यात भार देतात, तेच तापवल्यावर पाणी होऊन निघून जातात. शेजारचे दोन गट एकत्र येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि मागे ऑक्सिजनचा पूल उरतो. टीजीएच्या तराजूवर हे वजनातली घट म्हणून दिसतं.

सिलिकाचं उदाहरण घेऊ. पृष्ठफळ २०० चौरस मीटर प्रति ग्रॅम आहे, आणि २०० ते १००० अंश से. या टप्प्यात वजन १.४ टक्के घटलं असं धरा. २०० च्या खालची घट मुख्यतः नुसत्या चिकटलेल्या पाण्याची, म्हणून ती सोडून दिली. एका ग्रॅममागे ०.०१४ ग्रॅम पाणी गेलं. पाण्याच्या प्रत्येक रेणूमागे दोन हायड्रॉक्सिल, म्हणजे साधारण ९.४ गुणिले १० चा २० वा घात इतके गट. एका ग्रॅमचं पृष्ठफळ २ गुणिले १० चा २० वा घात इतकं चौरस नॅनोमीटर. भागाकार ४.७. पूर्ण हायड्रॉक्सिलयुक्त सिलिकासाठी मान्य असलेला आकडा ४.६ ते ४.९ आहे, म्हणजे हिशेब जुळला.

हीच सिलिका ८०० अंशांवर भाजून काढली तर दर चौरस नॅनोमीटरला एखादाही गट धड उरत नाही. ती पाण्यात टाका: सुरुवातीला ती नीट भिजतही नाही, आणि त्याच पीएचला झीटाचा ऋण आकडा लहान येतो. साधारण ४०० अंशांपर्यंत गेलेले गट पाण्यात ठेवल्यावर बऱ्यापैकी परत येतात. त्याहून जास्त भाजलेल्या सिलिकेला फार वेळ लागतो. म्हणून कॅल्सिनेशन केलेल्या, म्हणजे अशा भाजलेल्या, पावडरचा झीटा घेताना ती पाण्यात किती वेळ होती हे लिहिणं अत्यावश्यक आहे. तासाभरानंतरचा आकडा आणि आठवड्यानंतरचा आकडा वेगळे असू शकतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

झीटा जास्त असेल तर पदार्थ जास्त तापमानापर्यंत टिकतो का?

नाही. मिलिव्होल्टवरून विघटनाचं तापमान काढण्याचं कोणतंही सूत्र नाही. पाच नमुन्यांचे पाच ठिपके काढून त्यांतून सरळ रेष ओढलेली अधूनमधून पाहायला मिळते. त्या रेषेमागे सहसा तिसरीच गोष्ट असते: लेपाचं प्रमाण, पृष्ठफळ किंवा पाण्याचा अंश. ती तिसरी गोष्ट शोधा, तुमचं प्रकरण तिच्यावर उभं राहील.

मॅग्नेटाइटच्या नॅनोकणांवर लेप दिला. झीटा बदलला, पण टीजीएत वजन घटण्याऐवजी वाढलं. यंत्र बिघडलंय का?

यंत्र ठीक आहे. तुम्ही टीजीए हवेत केला असणार. मॅग्नेटाइट हवेत तापला की ऑक्सिजन घेतो आणि मॅगहेमाइट, पुढे हेमेटाइट होतो. पूर्ण ऑक्सिडेशनला वजन ३.४५ टक्के वाढतं. त्याच तापमानात लेप जळून वजन कमी होत असतं. लेप ३ टक्के असेल तर आलेख जवळजवळ सपाट दिसेल, आणि लेप बसलाच नाही असा निष्कर्ष निघेल. झीटाने तर चिन्ह बदललेलं असतं, मग दोन अहवाल एकमेकांशी भांडतात.

नायट्रोजनमध्ये करा म्हणून सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे, पण तिथेही एक खाच आहे. लेपातल्या सेंद्रिय द्रव्याचा कोळसा होतो आणि साधारण ६०० अंशांच्या पुढे तो लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून कार्बन मोनॉक्साइड व डायऑक्साइड होऊन निघून जातो. ती घट लेपाची म्हणून मोजली तर लेप फुगलेला दिसतो. माझा सल्ला असा: नायट्रोजनमध्ये १५० ते ५०० अंशांमधली घट घ्या, लेप न दिलेल्या त्याच बॅचच्या कणांची त्याच टप्प्यातली घट त्यातून वजा करा, आणि पृष्ठफळाने भागून दर चौरस नॅनोमीटरला किती रेणू बसले ते काढा. मग झीटा वाचा. अमिनो-सिलेन लावल्यावर आयईपी वर सरकायला हवा, सायट्रेट लावल्यावर खाली. रेणूंची संख्या पटण्यासारखी आणि आयईपी अपेक्षित दिशेला सरकलेला असेल तर लेप बसला असं छातीठोक लिहा.

एकाच पीएचवरचा एक झीटा आकडा इथे पुरत नाही. किमान पाच-सहा पीएचवर मोजून वक्र काढा. लेपाची खूण आयईपीच्या सरकण्यात असते.

झीटा फक्त उणे ५ आहे, तरी महिनाभर काही खाली बसलं नाही. हे कसं?

झीटा अधिक ३० च्या वर किंवा उणे ३० च्या खाली असेल तरच कण तरंगत राहतात, हा अधिक-उणे ३० मिलिव्होल्टचा नियम ढोबळ आडाखा आहे, आणि तो फक्त भारामुळे टिकणाऱ्या डिस्पर्शनसाठी (द्रवात पसरलेल्या कणांसाठी) आहे. कणावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा पीव्हीपीसारखी लांब साखळी असेल तर कण एकमेकांजवळ येऊच शकत नाहीत. भार लागत नाही. अशा वेळी टीजीए उघडा. शून्याजवळचा झीटा आणि सेंद्रिय द्रव्याची भरघोस घट ही जोडी दिसली की उत्तर मिळालं.

तांबड्या मातीचा किंवा खाणीतल्या गाळाचा झीटा ऋण येतो. गोएथाइट, हेमेटाइट तर धन असायला हवेत ना?

हा प्रश्न गोव्यात सर्वांत जास्त येतो आणि मला तो सर्वांत आवडतो, कारण याचं उत्तर प्रयोगशाळेबाहेरही दिसतं.

शुद्ध गोएथाइट ७ पीएचला धनच असतो. इतका भरवशाने धन, की अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने धन गतिशीलतेचा संदर्भ नमुना, क्रमांक १९८०, गोएथाइटचाच केला. पण आपल्या जांभ्यातला गोएथाइट एकटा नसतो. त्याच्यासोबत हेमेटाइट, गिब्साइट आणि केओलिनाइट असतात. केओलिनाइटचे पत्रे नेहमीच्या पीएचला ऋण असतात. शिवाय कुजलेल्या पाल्यातून आलेली ह्यूमिक द्रव्यं लोहाच्या ऑक्साइडवर लगेच बसतात आणि त्यांचा भार पालटवतात. नदी-ओहोळातले कण मुळात कशाचेही असोत, मोजल्यावर जवळजवळ नेहमी ऋणच निघतात, ते या आवरणामुळे.

ओहोळाचं तांबडं पाणी दोन काचेच्या ग्लासांत घ्या, एकात चमचाभर मीठ विरघळवा आणि दोन्ही रात्रभर ठेवा. मिठाच्या ग्लासात सकाळपर्यंत तळाशी तांबडा थर बसलेला आणि वरचं पाणी निवळलेलं दिसतं. दुसरा अजून गढूळच असतो. गोड्या पाण्यात कणाभोवतीच्या विद्युत-थराची (भारामुळे जमणाऱ्या आयनांच्या थराची) जाडी साधारण १० नॅनोमीटरपर्यंत असते. समुद्राच्या पाण्यात ती ०.४ नॅनोमीटरच्याही खाली येते, मग कणांमधलं प्रतिकर्षण संपतं, ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मांडवी आणि झुआरीच्या मुखाशी हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. ऐन पावसात गोड्या पाण्याचा लोंढा खाऱ्या पाण्याला बाहेर ढकलतो, तेव्हा गुठळ्या होण्याची जागाही समुद्राकडे सरकते.

आता हीच माती टीजीएत घाला. गिब्साइट पूर्ण विघटित झाला तर ३४.६ टक्के वजन गमावतो, गोएथाइट १०.१ टक्के, केओलिनाइट १४ टक्के. आलेखात केओलिनाइटची पायरी, म्हणजे वजनाची ठरावीक टप्प्यातली घट, ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान, स्वतंत्र आणि ठळक. गिब्साइट आणि गोएथाइट मात्र २५० ते ३५० च्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर येतात, आणि हवेत केलं असेल तर ह्यूमिक द्रव्यंही त्याच सुमारास जळतात. त्या एका पायरीवरून गोएथाइट इतका टक्के असं लिहू नका. आधी एक्सआरडी (खनिजं ओळखणारी क्ष-किरण चाचणी) घ्या. जांभ्यातल्या गोएथाइटमध्ये लोहाच्या जागी थोडं अल्युमिनियम शिरलेलं असतं, त्याने पायरी आणखी वर सरकते, म्हणजे पुस्तकातलं शुद्ध गोएथाइटचं तापमान इथे तंतोतंत लागू होत नाही.

दोन्ही जोडायचे असतील तर एक सोपा, फार उपयोगी प्रयोग आहे. मातीचे तीन भाग करा: एक तसाच, एक हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय द्रव्य काढलेला, एक हवेत ४०० अंशांवर भाजलेला. तिघांचा पीएचनुसार झीटा काढा. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक आवरणाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक गोएथाइटचा हेमेटाइट होण्याचा आणि गिब्साइट मोडण्याचा. टीजीएतल्या पायऱ्या आणि झीटाचे वक्र मग एकमेकांची साक्ष देतात.

पावसाळ्यात टीजीएची पहिली पायरी दरवेळी वेगळी येते. काय करावं?

जुलैतल्या गोव्याच्या हवेत बाटलीचं झाकण उघडून नमुना पॅनमध्ये घालेपर्यंतसुद्धा पावडर पाणी ओढते. कायटोसान, सिलिका जेल, चिकणमाती यांच्या बाबतीत तर विचारूच नका. १५० अंशांच्या आधीची घट हवामानाची आहे, नमुन्याची नाही, असं मी मानतो.

टीजीएतच नमुना १०५ किंवा ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत थांबवा, मग पुढे १० अंश प्रति मिनिट वेगाने चढवा, आणि सगळे टक्के त्या कोरड्या वजनावर काढा. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात. ऑटोसॅम्पलरमध्ये वीस नमुने रात्रभर रांगेत ठेवत असाल तर विसावा नमुना पहिल्यापेक्षा दमट असतो. सील केलेले आणि ऐनवेळी टोचले जाणारे पॅन मिळत असतील तर ते वापरा.

झीटासाठीचा नमुना मात्र शक्यतो वाळवूच नका. ओव्हनमध्ये वाळवलेले नॅनोकण कायमचे चिकटतात, सोनिकेशनने (ध्वनिलहरींच्या माऱ्याने) पूर्ण सुटत नाहीत, आणि मग तुम्ही मूळ कणाचा नव्हे, गुठळीचा झीटा मोजता. एकाच बॅचचा ओला भाग झीटासाठी ठेवा, दुसरा फ्रीज-ड्राय करून, म्हणजे गोठवून वाळवून, टीजीएला द्या.

झीटा मोजताना तापमान २५ अंशच का? खोलीचं तापमान ३२ असेल तर चालेल का?

३२ चालेल, पण ते यंत्राला माहीत असलं पाहिजे आणि नमुना खरोखर त्या तापमानाला आलेला असला पाहिजे. पाण्याची श्यानता २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते, ३२ ला सुमारे ०.७६. परावैद्युतांक ७८.४ वरून ७६ च्या आसपास उतरतो. नमुना ३२ वर आणि हिशेब २५ चा, असं झालं तर खरा उणे ३० असलेला झीटा उणे ३४ च्या जवळ दिसतो. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीतून आणलेली बाटली थेट सेलमध्ये भरली की हेच घडतं. सेल आत ठेवल्यावर किमान दोन-तीन मिनिटं थांबायचं ते यासाठी.

यापलीकडे झीटा स्वतःही तापमानाने बदलतो, तो बदल खरा असतो. पाण्याचा आयनिक गुणाकार वाढतो: २५ अंशांना उदासीन पीएच ७, तर ६० अंशांना ६.५. त्याबरोबर बहुतेक ऑक्साइडांचा आयईपी खाली सरकतो. विद्युत-थराची जाडी मात्र फारशी बदलत नाही, कारण तापमान वाढतं तसा परावैद्युतांक घटतो आणि दोघं एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. तापमानानुसार झीटा काढणार असाल तर प्रत्येक तापमानाला पीएच पुन्हा मोजा.

खारं पाणी असेल तर आणखी एक उपद्रव. वाहकता जास्त असल्याने विद्युतप्रवाहानेच नमुना तापतो, इलेक्ट्रोड काळे पडतात, प्रथिनं असतील तर गोठतात. व्होल्टेज कमी ठेवा, मोजमापं छोटी घ्या.

तापवल्याने पृष्ठभार कायमचा नाहीसा होतो असं एखादं उदाहरण आहे का?

आहे, आणि फार सुंदर आहे. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या पत्र्यांवर जो ऋण भार असतो तो पीएचवर अवलंबून नसतो. तिच्या जाळीत अल्युमिनियमच्या काही जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणून एक भार कमी पडतो आणि तो भरायला पत्र्यांच्या मधे सोडियम, कॅल्शियमसारखे आयन येऊन राहतात. त्यांची अदलाबदल करण्याची क्षमता १०० ग्रॅममागे ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट.

या मातीत लिथियम भरा आणि २०० ते ३०० अंशांवर तापवा. लिथियमचा आयन इतका लहान असतो की तो पत्र्यांच्या मधली जागा सोडून जाळीच्या आत, अल्युमिनियमच्या थरातल्या रिकाम्या खोबणीत जाऊन बसतो. भार जिथे निर्माण झाला तिथेच मिटतो. माती नंतर फुगत नाही, आयन बदलत नाही. हॉफमन आणि क्लेमेन यांनी १९५० साली हे दाखवलं आणि तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भार कुठल्या थरात आहे हे ओळखण्यासाठी आजही तो वापरतात, कारण भार बाहेरच्या सिलिकाच्या थरात असेल तर लिथियम त्याला असा मिटवू शकत नाही.

उलट दिशेनेही नातं दिसतं. त्याच मातीत सोडियम असेल तर पत्र्यांमधलं पाणी कमी तापमानाला, बहुधा एकाच पायरीत जातं. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असेल तर ते आयन पाणी घट्ट धरतात आणि डीटीजीवर (वजन घटण्याच्या वेगाच्या आलेखावर) दुसरं टोक किंवा खांदा दिसतो.

सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालांपासून कायटोसान बनवलं. झीटा आणि टीजीएत काय पाहू?

कायटोसानचे अमिनो गट साधारण ६.५ पीएचच्या खाली प्रोटॉन घेतात, म्हणून आम्लात झीटा धन येतो. ट्रायपॉलिफॉस्फेट घालून नॅनोकण केले की ते जसं वाढवाल तसा धन आकडा उतरत जातो, कारण तेवढे अमिनो गट अडकले.

टीजीएत नायट्रोजनमध्ये १२० पर्यंत पाणी, मग २५० ते ३५० च्या दरम्यान मुख्य विघटन. खरी गंमत शेवटी आहे. सालांतलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लाने पूर्ण निघालं नसेल तर ते झीटात लपतं, टीजीएत लपत नाही. हवेत करा म्हणजे कोळसा आधी जळून जाईल, आणि ६०० ते ७५० च्या दरम्यान पायरी दिसते का पाहा. ती २.२ टक्के असेल तर कार्बोनेट ५ टक्के, कारण शुद्ध कार्बोनेट ४४ टक्के वजन गमावतं. असा नमुना आम्लात विरघळवताना कार्बोनेटही विरघळतं, कॅल्शियमचे आयन पाण्यात येतात आणि झीटा खाली दाबला जातो. विद्यार्थी मग डीअसिटिलेशन (अमिनो गट मोकळे करण्याची पायरी) कमी पडलं असं समजून महिनाभर अल्कलीत उकळत बसतात.

औषधाचं नॅनोसस्पेन्शन फ्रीज-ड्राय केल्यावर झीटा बदलला. डीएससीतून कारण कळेल का?

बऱ्याचदा कळतं. गोठवताना पाण्याचा बर्फ होतो आणि उरलेल्या द्रवात मीठ, बफर, कण सगळे दाटतात. क्षाराचं प्रमाण वाढलं की विद्युत-थर आकुंचन पावतो आणि कण चिकटतात. साखर किंवा ट्रेहॅलोज घातलं असेल तर ते काचेसारखं होऊन कणांना जागच्या जागी धरून ठेवतं, पण त्या काच-संक्रमण तापमानाच्या खाली राहिलात तरच. सुक्रोजसाठी ते उणे ३२ अंशांच्या आसपास, ट्रेहॅलोजसाठी उणे ३० च्या आसपास. डीएससीत तुमच्या खऱ्या फॉर्म्युलेशनचं तापमान काढा. बफरमुळे ते आणखी खाली गेलेलं असतं.

आणि झीटा बदलला हे नक्की का? १० टक्के सुक्रोजच्या द्रावणाची श्यानता २५ अंशांना सुमारे १.२ आहे, पाण्याची ०.८९. सॉफ्टवेअरमध्ये पाणीच निवडलेलं असेल तर झीटा चतुर्थांशाने लहान दिसतो. बॅच नाकारण्याआधी एवढं तपासा.

कोरड्या पदार्थावरचा भार आणि उष्णता यांचं काय? तिथे तर पाणीच नसतं.

तिथे झीटा लागू होत नाही, वेगळं तंत्र लागतं. पॉलिमरची फिल्म तापवायची, विद्युतक्षेत्र लावायचं, क्षेत्र चालू ठेवूनच थंड करायची. भार आत अडकतो. मग क्षेत्र काढून हळूहळू तापवत जायचं आणि बाहेर येणारा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजायचा. प्रत्येक टोक म्हणजे एका जातीच्या सापळ्यातून सुटलेला भार किंवा मोकळे झालेले द्विध्रुव. याला टीएसडीसी (थर्मली स्टिम्युलेटेड डीपोलरायझेशन करंट) म्हणतात, आणि डीएससीत जे काच-संक्रमण जेमतेम दिसतं ते इथे कितीतरी ठळक दिसतं.

एन-९५ मास्क हे याचं सर्वांच्या हाती आलेलं उदाहरण. त्याच्या पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांवर असाच अडकवलेला भार असतो आणि बारीक कण त्यावर ओढले जातात. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या पुढे वितळतं, पण भार त्याच्या बराच आधी सुटू लागतो. अल्कोहोलने धुतला तर तापवण्याचीही गरज नाही. मास्क जसाच्या तसा दिसतो आणि गाळणं मात्र घसरतं.

यंत्रं बरोबर मोजताहेत हे कसं तपासायचं?

टीजीएसाठी कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट: १२.३, १९.२ आणि ३०.१ टक्क्यांच्या तीन पायऱ्या यायला हव्यात. डीएससीसाठी इंडियम, १५६.६ अंश. झीटासाठी यंत्राच्या कंपनीचं लॅटेक्स.

नमुना पाठवताना सोबत काय लिहून द्यावं?

वाळवण कशी केली आणि किती तापमानाला, पृष्ठफळ माहीत असल्यास ते, शेवटचं धुणं कशाने केलं, लेप कशाचा, आणि नमुना तयार झाल्याची तारीख. खाजनातला (भरतीच्या पाण्यालगतच्या बांधाआडच्या शेतातला) किंवा खाडीतला चिखल असेल तर तो मीठ जाईपर्यंत धुतला की नाही हे आवर्जून लिहा. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तापल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं आणि टीजीएचा तराजू खराब होतो. डिस्पर्शन पाठवत असाल तर ते गोठू देऊ नका, आणि कण ज्या द्रवात आहेत तोच द्रव कणांशिवाय एका वेगळ्या बाटलीत द्या. झीटासाठी नमुना पातळ करायला तोच लागतो. डिस्टिल्ड पाण्याने पातळ केला तर पीएच, आयन आणि लेप तिन्ही बदलतात.